दाराशी न येणारा खेळाडू

मुलांना शिकवताना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच आधी सांगा. ते का झालं, हे नंतर बघू.

आज मीही तेच करणार आहे. खाली लिहिलेलं सगळं घडलेलं आहे. माझ्या घरात, माझ्यासमोर. का घडलं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

जागा बंगळूरमधली. बसवनगुडीतली आमची जुनी इमारत. सुरुवात झाली गेल्या वर्षी, खंडेनवमीच्या संध्याकाळी.

मी श्रीकांत. एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर होतो, आता निवृत्त. माझी बायको विद्या गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी एकटाच राहतो. सकाळी पेपर, दुपारी रेडिओ.

आणि संध्याकाळी पाचला बेल.

ती बेल म्हणजे संहिता. खालच्या मजल्यावरची, पाचवीतली. तिची आई देवश्री कोरमंगलात नोकरी करते. ट्रॅफिकमधून तिला घरी यायला सात तरी होतात. तोवर संहिता माझ्याकडे. थोडं गणित, थोडं विज्ञान, बाकी गप्पा. आई आली की मी दाराशी उभा राहून तिला सोडायचो. ती धडधड जिना उतरायची आणि खालून ओरडायची, "पोचले, आजोबा!"

मग मी दार लावायचो. माझा दिवस तिथे संपायचा.

दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस ती एकच होती. हे लक्षात राहू द्या.

पावसाळ्याच्या शेवटी तळमजल्यावरचं, मी इथे राहायला आल्यापासून बंदच असलेलं एक घर विकलं गेलं. नव्या मालकांनी आधीचं सामान काढून पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीजवळ टाकलं. त्यात एक जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर होता. पिवळट पडलेला.

"आजोबा, हा मेलाय का?" संहिताने विचारलं.

"कॉम्प्युटर मरत नाही गं. चल, उघडून बघू."

"चालू झाला तर मला गेम?"

"चालू तू करायचा. मी फक्त सांगणार."

मी तसंच केलं. झाकण तिने उघडलं. पंख्यावरची धूळ रंगाच्या ब्रशने तिने झटकली. रॅमच्या पट्टीचे टोकाचे दाते खोडरबरने घासायचे असतात हे सांगितल्यावर ती पोट धरून हसली. "शाळेचं खोडरबर? खरंच?" घासून दाते चकचकीत झाले. पॉवर सप्लाय जळला होता, तो आम्ही एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणला. घड्याळाचा गोल सेलही बदलला.

आणि एके दिवशी पडदा उजळला. संहिता खुर्चीवरच उभी राहून नाचली.

जुन्या डिस्कवर सगळं पुसलेलं होतं. एक खेळ तेवढा उरला होता.

आणखी एक गोष्ट. सेल गेलेला असला की कॉम्प्युटरचं घड्याळ सहसा एक जानेवारीवर जातं. हे मात्र दर वेळी मे महिन्यातल्या एका जुन्या तारखेवर जायचं. नवा सेल घातल्यावरही... तीच तारीख.

मी म्हटलं, बोर्ड जुना आहे. होतं असं.

मग खंडेनवमी आली. खाली रस्त्यावर गाड्यांना हार, चाकांखाली लिंबं, फोडलेले कोहळे. मी घरातली हत्यारं मांडली. माझं सोल्डरिंग आयर्न, विद्याचं शिवणयंत्र, आणि त्या वर्षी नवा पाहुणा म्हणून तो कॉम्प्युटर.

माझ्या वडिलांची एक पद्धत होती. हत्यारावर फूल ठेवताना ते ज्या हातांनी वापरलं त्या माणसाचं नाव घ्यायचं. शिवणयंत्रावर फूल ठेवताना मी विद्याचं नाव घेतलं. कॉम्प्युटरपाशी आलो आणि थांबलो. नाव माहीत नव्हतं.

मी एवढंच म्हणालो, "हे ज्या कुणाचं असेल, त्याने यावं. पूजा घ्यावी."

संहिताने हात जोडले. "आणि खेळायला पण या हं."

मला हसू आलं.

त्या दिवशी हत्यारांना हात लावत नाहीत. म्हणून कॉम्प्युटर आम्ही दसऱ्याच्या संध्याकाळी लावला.

खेळ दोघांचा होता. एक लाल टोपीवाला, एक निळ्या टोपीवाला. खड्डे, भिंती, पूल ओलांडत जायचं आणि शेवटच्या दाराशी दोघांनी एकत्र उभं राहायचं. तरच दार उघडतं. एक जण आला नाही तर दुसऱ्यालाही बाहेर पडता येत नाही. लाल टोपी संहिताची, उजवीकडच्या बाणांवर. निळी माझी, डावीकडच्या अक्षरांवर.

थोडं खेळून मी दूध गरम करायला स्वयंपाकघरात गेलो.

आतून तिचा आवाज आला. "वा आजोबा! काय उडी मारलीत!"

मी गॅससमोर उभा होतो.

हातात दुधाचं पातेलं होतं.

धावत आलो. संहिताचे दोन्ही हात बाणांवर होते... आणि पडद्यावर निळा टोपीवाला खड्ड्यापलीकडे उभा राहून तिची वाट बघत होता.

मी इंजिनिअर माणूस. म्हटलं, कळ अडकली असेल. कीबोर्ड साफ केला. मग दुसरा कीबोर्ड आणला. निळा चालतच राहिला.

आणि तो वेडावाकडा चालत नव्हता. तो पुढे जायचा, खड्ड्यापाशी थांबायचा, एकदा उडी मारून परत यायचा. मग पुन्हा सावकाश, तिला दिसेल अशी. संहिता चुकली की तोही मागे यायचा. कंटाळायचा नाही.

शिकवणाऱ्याला शिकवणारा ओळखू येतो.

तुम्ही विचाराल, तेव्हाच बंद का नाही केलं? खरं सांगतो. मला भीती वाटली नाही. घरात आणखी कुणीतरी आहे, हे मला बरं वाटलं.

काही दिवसांनी संहिता म्हणाली, "आजोबा, तो दाराशी येतच नाही."

मी बघितलं. लाल टोपी दाराशी उभी होती. निळा थोडं अलीकडे थांबला होता. संहिता परत मागे गेली की तो आनंदाने उड्या मारायचा. ती दाराकडे वळली की... जागच्या जागी स्थिर.

"खेळ संपायला नको असेल त्याला," ती म्हणाली. अगदी सहज.

त्या दिवसापासून ती गणिताची वही उघडेना. आली की थेट कॉम्प्युटरच्या खोलीत. आईने हाक मारली तरी "एक मिनिट" म्हणायची आणि उठायची नाही.

मग तो शनिवार आला.

संध्याकाळी इमारतीची वीज गेली. मी मेणबत्ती शोधत होतो. बाहेर पाऊस होता, जिन्यात अंधार. मेणबत्ती लावून मी त्या खोलीकडे वळलो...

दाराच्या फटीतून निळसर उजेड येत होता.

घरात यूपीएस नव्हता. कॉम्प्युटरला बॅटरी नसते. हे मी स्वतः तिला शिकवलं होतं.

आत पडदा चालू होता. संहिता ताठ बसली होती. हात मांडीवर. ती खेळत नव्हतीच. नुसती बघत होती.

"संहिता?"

मी जवळ गेलो.

"संहिता, ऊठ बाळ."

"मी गेले तर तो एकटा राहील, आजोबा."

पडद्यावरची नजर तिने हलवली नाही. मी तिचा हात धरला. थंडगार होता. तिला उचलून दाराकडे निघालो, तेव्हा मागे आवाज सुरू झाला.

टक... टक... टक टक टक.

मी वळून बघितलं. डावीकडच्या कळा खाली जात होत्या आणि वर येत होत्या. कुणी बंद दार ठोठावावं तशा.

त्यावर बोटं नव्हती.

देवश्री जिन्यातच भेटली. मुलीला बघून तिचा चेहरा उतरला. मी जमेल तसं सांगितलं. तिने किती विश्वास ठेवला, माहीत नाही.

"काका, तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली. "पण ती झोपेत बोटं हलवते हो. कालपासून नीट जेवली नाहीये. प्लीज, काही दिवस मी नाही पाठवणार तिला."

मी मान डोलावली आणि वर आलो.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. बेल वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी दोन कप काढायचो आणि एक परत ठेवायचो.

आतल्या खोलीत मात्र पाच वाजता... टक. टक टक.

मी कॉम्प्युटरची वायर काढून ठेवली होती.

शेवटी मी राजलक्ष्मी अक्कांकडे गेलो. पहिल्या मजल्यावरच्या. पिढ्यान् पिढ्या बंगळूरच्याच. इमारत झाल्यापासून इथे आहेत.

"तो कॉम्प्युटर?" त्या दचकल्या. "अय्यो अण्णा, तो तुम्ही वर नेलात? विठोजीअण्णांचा तो!"

"तळमजल्यावरचे?"

"हो की. एकटेच होते. मुलगा परदेशात. एका मे महिन्यात नातू आला होता सुट्टीला, शंभू. त्याच्यासाठी घेतला होता. दोघं दिवसभर खेळायचे. आम्ही चेष्टा करायचो, अण्णा, स्वल्प आमच्याशीही बोला म्हणून." त्या थांबल्या. "पोरगं परत गेलं. मग काही आलं नाही. अण्णा मात्र रोज ते चालू करून बसायचे. दुसरी खुर्ची शेजारी मांडून."

"आणि?"

"आणि काय! खुर्चीतच गेले. दार आतून बंद. दोन दिवस कुणाला कळलं नाही. बाहेर तो खेळाचा आवाज येत होता ना... आम्हाला वाटलं, खेळताहेत."

मी जिना चढताना मध्येच बसलो. भीतीने नाही.

दोन दिवस कुणाला कळलं नाही, हे वाक्य उद्या माझ्याबद्दलही कुणी म्हणेल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच मी वायर जोडली. हातात अक्षता घेतल्या. संहिताच्या खुर्चीत बसलो. लाल टोपी मी घेतली.

निळा आला.

"विठोजीराव," मी म्हणालो. माझाच आवाज मला मोठा वाटला. "नाव माहीत नसताना बोलावलं, चूक झाली. मुलगी लहान आहे. तिला सोडा. आज मी बसतो."

आम्ही खेळलो. माझे हात जड आहेत, मी सारखा पडायचो. तो मागे यायचा. एकदा दाखवायचा. थांबायचा. माझी कुणी इतक्या सावकाश वाट बघितली, त्याला किती वर्षं झाली असतील.

ऊन खिडकीतून निघून गेलं. मी दाराशी पोचलो. तो अलीकडे थांबला.

"या," मी म्हणालो. "मी आहे ना बरोबर."

बराच वेळ काहीच झालं नाही...

मग डावीकडची एक कळ हळूच खाली गेली. निळा एक पाऊल पुढे आला. पुन्हा थांबला. आणखी एक पाऊल.

तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

दार उघडलं. पडदा काळा झाला.

मी कॉम्प्युटरवर अक्षता वाहिल्या. पूजेतली मूर्ती उत्तरपूजेनंतर हलवतात तसा तो जागेवरून थोडा सरकवला. निरोपाचा मंत्र मला एकच येतो, तोच म्हटला. "पुनरागमनाय च."

म्हणजे, पुन्हा येण्यासाठी. आपल्याकडे निरोप देतानाही तेच सांगतात. हे माझ्या लक्षात आलं ते मंत्र म्हणून झाल्यावर.

कॉम्प्युटर उघडून मी रॅम काढली, डिस्क काढली, कीबोर्डची वायर गुंडाळली. ती खोली आता बंद असते.

त्यानंतर संहिता नीट जेवू लागली, झोपू लागली. महिन्याभराने देवश्री स्वतः तिला घेऊन वर आली. आता आम्ही जेवणाच्या टेबलावर बसतो. तिने त्या खेळाचं नावही पुन्हा काढलं नाही. आवाजही आला नाही.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण काल देवश्री तिला न्यायला आली. संहिताने दप्तर भरलं. मी म्हणालो, "थांब, अजून एक गणित."

तिने केलं.

"अजून एकच. सोपं आहे."

"काका, आठ वाजले," देवश्री म्हणाली.

"आजोबा हल्ली सोडतच नाहीत," संहिता हसत म्हणाली. चपला घालून ती दाराबाहेर उभी राहिली. "येते आजोबा. दाराशी या ना!"

मी उठायला गेलो.

पाय हलले नाहीत.

दुखत नव्हते. बधिर नव्हते. मला नुसतं कळत होतं की मी दाराशी गेलो की ती जाणार. मी टेबलापाशीच बसून राहिलो. ती थोडा वेळ थांबली, मग आईचा हात धरून गेली. खालून "पोचले" ऐकू आलं नाही. कदाचित ती ओरडलीच नसेल.

आणि त्या शांततेत, बंद खोलीतून...

टक.

एकदाच. ओळख दिल्यासारखं.

आता पाच वाजत आलेत. बेल वाजेल. दार उघडायला मी लगेच जाईन. ते मला अजून जमतं.