घळीतलं शुद्ध मराठी

हे घडलंय. माझ्या मावसभावाच्या, मोहनच्या घरात. खोटं वाटलं तर खुशाल हसा. तोही असाच हसला होता.

मागच्या वर्षीची ऑक्टोबरची हाफ टर्म, म्हणजे इंग्लंडमधल्या शाळांची आठवड्याची सुट्टी. भर दुपारी तीनची वेळ. यॉर्कशायर डेल्स नॅशनल पार्कमधली एक घळ, दोन्हीकडे उंच कडे आणि मधून ओढा.

लोक फोटो काढत होते. मोहन नाक मुरडत होता. वीस वर्षं मिल्टन कीन्स शहरातल्या राउंडअबाउटना, त्या गोल चौकांना, प्रदक्षिणा घालणारा माणूस, पण सह्याद्री जणू ह्याच्या बापाचा.

"ह्याला गॉर्ज म्हणतात? आमच्याकडे असल्या घळीला कुणी नावसुद्धा देत नाही."

बायको अलका सोबत होती. नऊ वर्षांची ईरा, इथेच जन्मलेली, दगडांवरून पुढे निघाली.

"बाबा, मी पुढे चालला."

"चालले. मुलगी आहेस ना तू? लाज वाटते मला लोकांसमोर."

"सॉरी, बाबा."

ती कड्याच्या वळणाआड गेली. तिथून तिची हाक आली.

"बाबा, मी आला."

आणि घळीतून प्रतिध्वनी आला...

"बाबा, मी आले."

अलका जागीच थांबली. "मोहन, ऐकलंस? इको वेगळा आला."

मोहन खो खो हसला. "बघ, दगडाला कळतं, तुझ्या लेकीला कळत नाही." मग कड्याकडे तोंड करून ओरडला, "जिला नीट बोलता येतं, तिनंच बाहेर यायचं."

ओढा वाहत होता...

पण त्याचा आवाज येत नव्हता.

मग वळणाआडून ईरा आली. तोच पिवळा रेनकोट, तेच बूट.

"बाबा, मी आले. माझी बाटली तिकडेच राहिली."

सकाळपर्यंत तो 'माझा बाटली' होता.

तेव्हापासून ईरा एकदाही चुकलेली नाही. कॉव्हेंट्रीच्या गणपतीत सगळ्यांनी तिच्या मराठीचं कौतुक केलं. मोहनला मात्र शंका यायला लागली. तो तिच्यासमोर मुद्दाम चुकायला लागला.

"ईरा, माझा चहा कुठे ठेवली?"

"ठेवला, बाबा."

अलकानं तिची वेणी घालणं सोडलंय. का, ते ती सांगत नाही.

यंदाच्या हाफ टर्मला मोहन पुन्हा तिथे गेला, ईराला घेऊनच. वळणापाशी उभा राहून ओरडला, "ईरा, बाळा, कशीही बोल, पण ये."

त्यानं कड्याला कान लावला.

मग आतून... खूप आतून...

"बाबा, मी आला."

शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं त्याचा हात घट्ट धरला. "आले म्हणतात ना, बाबा? चला घरी."

आणि मोहन निघाला. सगळ्या जगाला तुच्छ लेखणारा हा माणूस, आत पोर हाक मारत होती, तरी एक पाऊल पुढे टाकलं नाही त्यानं. मला त्याची कीव येत नाही, चीड येते.

पण त्या दिवशी घरी परतताना गाडीत मागच्या सीटवर कोण बसलं होतं, हे विचारायची हिंमत माझीही झालेली नाही.