पाण्यावरचा थर

करंजवेळच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं उरली नव्हती, पण ती दिसत होती. बस शेवटचं वळण उतरून थांबली आणि कला महाविद्यालयाची सगळी मुलं खिडक्यांना नाक लावून ओरडली. सगळ्यांच्या डोळ्यांवर भिंगं होती. नीरजा बनसोडेनं आपलं भिंग कपाळावर सरकवलं, तशी ती हिरवी रांग नाहीशी झाली. तिथं काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे एकमेकांत अडकून पडले होते आणि त्यांच्या फटींमध्ये जाळ्यांची लक्तरं होती. भिंग खाली ओढलं की पुन्हा सुरूची रांग, पुन्हा सळसळ. ती सळसळसुद्धा भिंगाच्या काडीतूनच कानात येत होती.

याला लोक 'थर' म्हणत. खऱ्या दृश्यावर अंथरलेलं दुसरं दृश्य. आधी यंत्रं फोटोंवरून हे थर विणत, पण ते डोळ्यांत बसत नसत. थोड्या वेळानं पाहणाऱ्याला मळमळायला लागे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की माणसानं हातानं काढलेलं चित्र यंत्राला पुरवलं, तर डोळा ते निमूट स्वीकारतो. माणसानं पाहून निवडलेलं माणसाला पटत असावं. तेव्हापासून किनाऱ्यांची जाहिरात करणाऱ्या संस्था चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना सहलीला बोलवू लागल्या. राहणं-जेवण गावात, आणि काढलेलं चित्र थेट किनाऱ्यावर.

"देऊळ, होड्या, झाडं, घरं," टिपुगडे सरांनी मुलांना विषय वाटून दिले. ते गेली कित्येक वर्षं कोल्हापुरात निसर्गचित्रण शिकवत होते. "आणि नीरजा, तुला पाणी."

"मला? सर, मी लातूरची. मी पाणी टाकीत बघितलंय."

"म्हणूनच की. समुद्र बघून बघून ज्याचे डोळे मेलेत त्याला काय दिसणार?"

गावच्या सरपंच मैथिली भाटकर मुलांना घ्यायला आल्या होत्या. पस्तिशीच्या, तुरुतुरु चालणाऱ्या, घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढलेल्या. नीरजाची राहायची सोय त्यांच्याकडेच होती. संध्याकाळी जेवताना त्यांनी तिच्या ताटात घावन वाढलं आणि म्हणाल्या, "मासळी खोल गेली, सुरू वादळात गेले. आता पाहुणे येतात म्हणून गाव उभं आहे. तू नीट काढ गो. आमचा समुद्र चांगला आहे, फक्त दिसायला हवा."

नीरजा दोन दिवस वाळूत बसून राहिली. हातात चित्राची फळी होती. फळीवर ओढलेली रेघ यंत्र थेट समोरच्या पाण्यावर नेमक्या त्याच जागी बसवत असे, मात्र सरांनी अंगठा लावून मंजूर केल्याशिवाय ती कुणाच्या भिंगात दिसत नसे. काढताना नीरजा भिंग लावत नसे. उघड्या डोळ्यांना समुद्र राखाडी होता, खरखरीत होता, सतत काहीतरी बडबडत होता. तिला तो आवडायला लागला. लाटा दोन्ही बाजूंना फुटत, पांढऱ्याफेक फेसाच्या रांगा किनाऱ्याकडे धावत, पण मधल्या एका पट्ट्यात लाट फुटतच नसे. तिथं पाणी गडद आणि वरवर थंड. तिनं तो पट्टा अगदी तसाच काढला.

सरांनी फळी हातात घेऊन डोळे बारीक केले. "हात चांगलाय. पण फेस कमी कर. बघणाऱ्याला पाण्यात पाय घालावासा वाटला पाहिजे."

"सर, हा मधला पट्टा बघा. इथं फेस नाहीच. ते वेगळंच दिसतंय."

"मग सगळंच तसं कर की. एकसारखं."

तिनं केलं. फेस पुसला, राखाडीत निळा मिसळला, कडेला ऊन सांडलं. शनिवारी सकाळी सरांनी अंगठा लावला आणि तिनं भिंग घालून पाहिलं, तर सबंध किनाऱ्याभर तिच्या हातचं पाणी पसरलं होतं. पहाटे आलेले पाहुणे "अहाहा" करत होते. आजवर तिची चित्रं वर्गाच्या भिंतीपलीकडे गेली नव्हती.

कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. सांगलीहून बहिणीबरोबर आलेला, निनाद नावाचा दाढीवाला पोरगा. पाण्यावर बोट रोखून तो म्हणाला, "हे तुम्ही काढलंय म्हणे?"

"हो."

"मी खूप किनाऱ्यांवर जातो. थर लगेच ओळखू येतात. हा ओळखू येत नाही." तो हसला. "आता नवीन काही काढलंत तर सांगा. मी पहिला बघणार."

रविवारी दुपारी भरती ओसरू लागली तेव्हा किनारा माणसांनी फुलला होता. नीरजा ओट्यासारख्या एका उंच खडकावर बसून, मंजूर झालेला थर दिसावा म्हणून आज भिंग लावूनच, कडेच्या पाण्यात थोडी चमक भरत होती. घाम पुसायला तिनं भिंग काढलं आणि तिला एक चेंडू दिसला. मुलांनी फेकलेला लाल चेंडू. लाटा किनाऱ्याकडे येत होत्या आणि चेंडू त्यांच्या उलट, कुणीतरी दोरीनं ओढावा तसा आत चालला होता.

तिनं नीट पाहिलं. मधला पट्टा काल होता त्याच्या दुप्पट रुंद झाला होता. त्यातलं पाणी वाळूनं गढूळ होतं आणि सरळ समुद्राकडे वाहत होतं. दोन्हीकडे फेसाची कडक रेघ होती. उघड्या डोळ्यांच्या लहान मुलालाही कळलं असतं, की इथं काहीतरी वेगळं आहे. पण पाण्यात उभ्या असलेल्या कुणाचेच डोळे उघडे नव्हते. त्यांना सगळीकडे तिचं निळं, एकसारखं पाणी दिसत होतं, आणि ते गप्पा मारत त्या पट्ट्याकडे सरकत होते. एका बापाच्या खांद्यावर छोटी मुलगी होती.

"मैथिलीताई!" खाली सरबताचे पेले भरणाऱ्या मैथिलीताईंना तिनं हाक मारली. "भिंग काढा! ते बघा!"

मैथिलीताईंनी भिंग काढलं आणि त्यांच्या हातातला पेला निसटला. "ओढ लागली गो! आतला वाळूचा बांध फुटला. सगळं पाणी तिथूनच परततंय." जीवरक्षक किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते. मैथिलीताई पदर खोचून तिकडे पळत सुटल्या.

नीरजा पाण्याच्या कडेपर्यंत धावली, घसा फाटेपर्यंत ओरडली. लोकांच्या कानात तिच्याच चित्राला जोडलेली मंद लाटांची गाज होती. एका बाईनं तिला पाहून हात हलवला.

मागून टिपुगडे सर धापा टाकत आले.

"सर, थर बंद करा! आत्ता!"

"बंद करायचं आपल्या हातात नाही, ते संस्थेच्या केंद्रातून होतं. आणि एकदम थर काढला तर तोल जातो माणसाचा, घेरी येते. सांगितलं होतं ना आपल्याला? कमरेएवढ्या पाण्यात उभी आहेत ती माणसं."

नीरजानं सरांकडे पाहिलं, मग हातातल्या फळीकडे. तिनं तिथंच वाळूत बसकण मारली.

ती बोटांनी रेघा ओढत नव्हती, तळव्यानं रंग फासत होती. मधला पट्टा तिनं काळा केला, काळ्यात तांबूस गढूळ रंग ओतला, कडा फाडल्या, आत खोल खोल जाणारं वळण दिलं. जे खरं होतं ते तिनं काढलंच, पण तेवढ्यानं लोक हलणार नाहीत म्हणून त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त काढलं. समुद्राला तोंड फुटावं तसं.

"सर, अंगठा!"

"नीरजा, खोटी भीती दाखवायला बंदी आहे. उद्या कॉलेजवर..."

"सर!"

सरांची नजर पाण्याकडे गेली. छोटीच्या बापाच्या छातीपर्यंत पाणी आलं होतं आणि तो मागे पाऊल टाकायला धडपडत होता. सरांनी अंगठा दाबला.

किंकाळी एकदम उठली. शेकडो लोकांसमोर निळं पाणी फाटलं होतं. पट्ट्याकडे सरकणारे लोक वळले, एकमेकांना ढकलत किनाऱ्याकडे पळाले. एक म्हातारी पडली, तिला दोघांनी बखोटीला धरून ओढलं. छोटीच्या बापाला आडव्या धावलेल्या दोन तरुणांनी हात दिला. तो बाहेर आला तेव्हा मुलगी त्याच्या केसांना घट्ट धरून बसली होती. दूरवरून जीवरक्षक फळकुटं घेऊन येताना दिसले, त्यांच्या पुढे मैथिलीताई.

वाचले सगळे, असं नीरजाला वाटलं.

मग तिला टाळ्या ऐकू आल्या. कोरड्या वाळूवर उभे असलेले काही लोक टाळ्या वाजवत होते. "काय भारी केलंय!" कुणीतरी म्हणालं. आणि त्यांच्यातून एक माणूस पाण्याकडे निघाला होता. पाण्यातली माणसं बाहेर पळत होती आणि हा एकटा आत. निनाद. त्यानं वळून नीरजाकडे पाहिलं, चेहरा आनंदानं उजळलेला, आणि हात उंचावून 'छान' अशी खूण केली.

"नको! खरं आहे ते! निनाद, खरं आहे!"

तो गुडघाभर पाण्यात शिरला. तिनं फळीवर तळवा घासला, चित्र पुसायला. सरांचा अंगठा अजून फळीवरच होता, पण पुसण्याऐवजी तळवा रंगच फासत गेला. काळं पाणी आणखी पसरलं, आणखी सुंदर झालं. निनाद थक्क होऊन त्याच्याकडे चालत राहिला. पुढच्या क्षणी त्याचे पाय सुटले. त्याचं डोकं एकदा दिसलं, मग लाल चेंडू गेला त्या दिशेनं, तेवढ्याच वेगानं, दिसेनासं झालं.

जीवरक्षकांनी तासभर शोधलं. शेवटी गावातल्या होडीनं त्याला बाहेर आणलं. भिंग अजून त्याच्या डोळ्यांवर होतं. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नाही.

सोमवारी सकाळी त्याची बहीण सामान न्यायला आली. तिनं मैथिलीताईंच्या ओसरीवर नीरजाला गाठलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "त्यानं शेवटी काय बघितलं, ते मला दाखवाल?"

नीरजाला नाही म्हणता आलं नाही. तिनं फळी पुढे केली. बहीण कितीतरी वेळ ते काळं-तांबूस पाणी बघत राहिली.

"सुंदर आहे," ती म्हणाली, फळी परत दिली आणि गेली.

संस्थेचा निरोप दुपारी आला. टिपुगडे सर तो सांगायला आले तेव्हा त्यांची मान खाली होती. नीरजाला वाटलं, कारवाई होणार. सरांनी घसा खाकरला.

"ते खूश आहेत. कालचं दृश्य सगळीकडे फिरतंय. लोक विचारतायत, काळा समुद्र कुठं बघायला मिळेल. गावात महिनाभर खोली शिल्लक नाही म्हणे. पाण्याला कुंपण घालून तो थर कायम ठेवू म्हणतात. तुझं नाव देऊन."

मैथिलीताई दारात उभ्या होत्या. खोली शिल्लक नाही हे त्यांनाही कळलं होतं; सकाळपासून त्यांचा फोन थांबला नव्हता. नीरजानं त्यांच्याकडे पाहिलं.

"ताई, मला पाणी कोरं सोडायचंय. झाडं राहू देत, घरं राहू देत. पाण्यावर काहीच नको."

"कोरं म्हणजे कसं दिसेल?"

"आहे तसं."

मैथिलीताई ओसरीच्या पायरीवर बसल्या. बराच वेळ त्या अंगणातल्या वाळत घातलेल्या चादरींकडे बघत होत्या, पाहुण्यांच्या खोल्यांतल्या पांढऱ्या चादरींकडे. "घरचे लोक मला फाडून खातील," त्या शेवटी म्हणाल्या. "चल. थराला हरकत घ्यायचा हक्क पंचायतीला आहे, मग केंद्राला तो काढावाच लागतो. मी सही करते. सर, तुम्ही अंगठा लावा."

सरांनी लावला.

संध्याकाळची बस आली तेव्हा नीरजा किनाऱ्यावरच होती. लोक भिंगं घालून उतरले, सुरूच्या सावलीकडे बघून खूश झाले आणि झपाझप पुढे आले. मग एकेक करून थांबले. हिरव्या झाडांपलीकडे राखाडी, खरखरीत, फेसाळ पाणी होतं आणि मधे तो गडद पट्टा आतल्या दिशेनं वाहत होता. थरातला नव्हे, खरा. जीवरक्षकांनी त्याच्या दोन्ही बाजूंना लाल निशाणं रोवली होती.

लोक कुजबुजू लागले. काहींनी भिंगं काढून पाहिली, परत घातली, परत काढली. दोन्हीकडे तेच पाणी. त्यावर विश्वास बसत नसल्यासारखे ते उभे राहिले.

एक मध्यमवयीन बाई चपला हातात घेऊन नीरजाजवळ आली. तिचा नवरा मागेच निशाणापाशी उभा होता, एक पाऊल वाळूत आणि एक पाण्यात.

"बाळा, तू चित्र काढणाऱ्यांतली ना?" बाईनं विचारलं. "मग तूच सांग. हा समुद्र खरा आहे, की हाही तुम्हीच काढलाय?"

"खरा आहे," नीरजा म्हणाली.

बाईनं तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "पण हे तुझ्याकडून आम्ही कसं मानायचं?"