सेक्टर दहामधलं झाकलेलं ताट

भिलाईला दोन दिवसांसाठी जाणार असाल, तर राहायची सोय आधी करून जा. आम्ही ती केली नाही. माझ्या मुलीच्या, मोनालीच्या, रेल्वे भरतीच्या परीक्षेचं केंद्र जुनवानीच्या एका कॉलेजात आलं होतं. एक दिवस आधी पोचू, स्टेशनजवळ कुठेतरी खोली मिळेल, असं धरून आम्ही मायलेकी आमगावहून पहाटेच्या गाडीत बसलो. मे महिन्याची वीस तारीख होती.

दुर्गला उतरलो तेव्हा साडेआठ वाजले होते. साडेदहापर्यंत मी सात लॉज बघितले आणि अंगणवाडीतल्या नोंदींच्या सवयीने सातही डायरीत लिहून ठेवले. पाच भरलेले होते. एकात खोली होती, पण दाराला आतून कडी नव्हती. सातव्याच्या मालकाने आम्हा दोघींकडे बघून जसं हसून घेतलं, त्यावरून मी पायरी न चढताच परतले. परीक्षेला आलेली मुलं फुटपाथवर पेपर अंथरून बसली होती.

"आई, लिव तुया डायरीत," मोनाली म्हणाली. "साडेधा वाजले. पोरगी उन्हानं वाळून कुरडई झाली."

"तू चाल मुकाट्यानं."

"चालूनच राहिली ना वं. पोचून कुठं राहिली?"

परक्या गावात अडलो की आमचे लोक विहार शोधतात. रिक्षावाल्याने एका विहारापाशी सोडलं. तिथे श्यामराव नावाचे म्हातारे गृहस्थ झाडांना पाणी घालत होते. मी जय भीम केला, अडचण सांगितली. आमगाव म्हणताच त्यांनी पाइप खाली ठेवला.

"सेक्टर दहात चंपाबाई राह्यते. आपलीच आहे. परीक्षावाल्या पोरींले ठेवते, जेवाले देते. माणूस नाही तिले. पोरगा राजदीप स्टील प्लांटमंधी जाते, सांजेलोक एकटीच असते. बिनधास्त जा."

चंपाबाईंचं क्वार्टर रस्त्याच्या मधोमध होतं. पुढेमागे तशीच क्वार्टरं, तसेच पिवळे पडलेले भिंतीचे रंग. भर बारा वाजता रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत मात्र अंधार आणि गारवा. खिडक्यांना ओली पोती लावलेली, कूलरच्या वाळ्याचा वास, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मला वाटलं, आपण घरीच आलो.

चंपाबाई साठीच्या. बोलताना हात सारखे पदराला पुसायच्या. मी थकलेली बघून त्यांनी मला आधी जेवायला बसवलं. मोनाली मागे आंघोळीला गेली होती. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "ताई, पोरीले मी गरम वाढून देतो. फक्त आतमंधी वट्ट्यावर झाकलेलं ताट आहे, त्याले हात नका लावू."

"कोणाचं?"

त्यांनी हात पदराला पुसले.

"राजदीपच्या बाबाचं. अकरा वर्षं झाले. त्यायची सेकंड शिफ्ट होती, दोनची. सकाळी आमचं भांडण झालं, बारीकसं. मी ताट वाढलं, झाकलं, अन् आवाज नाही देल्ला. म्हटलं, भूक लागन तं घेतीन आपल्या हातानं. ते सव्वा वाजता तसेच निंगाले… उपाशी." त्यांनी बाहेर बोट दाखवलं. "या रस्त्याच्या टोकापर्यंत लोकायनं पाह्यलं. वळणावर एक बाई पापड वाळवून राह्यली होती, तिनं वळताना पाह्यलं. वळणापलीकडच्या घरचे लोक बाहेरच बसले होते. त्यायले कोणी आलेलं दिसलं नाही. प्लांटच्या गेटवरही नाही. सायकल नाही, डबा नाही, काहीच नाही."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"आपण हे मानत नाही ताई, मालूम आहे मले. पोरगा रागावते. पण बारा वाजले का हात चालतेच. संध्याकाळी गाईले घालतो."

ही गोष्ट मोनालीला सांगायची, हे मी मनात पक्कं केलं. आता शंभरदा तो क्षण आठवते. न्हाणीच्या दाराला टकटक करून एक वाक्य बोलायचं होतं. पण नळ येण्याची वेळ झाली म्हणून चंपाबाई कूलर भरायला मागे गेल्या, आणि मी रात्रभर न झोपलेली, भिंतीला टेकले.

जाग आली ती कूलर थांबला म्हणून. लाइट गेली होती. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं. कुठून तरी तापलेल्या लोखंडाचा वास येत होता.

मोनाली स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. ताट पुढ्यात, झाकण बाजूला उताणं. ताट पुसून खाल्लेलं. तिची काय चूक? आमच्याकडे झाकलेलं ताट म्हणजे मागे राहिलेल्याचं. ती मागून आली, तिला ते आपलंच वाटलं.

"मोना… खाल्लं का तू हे?"

ती एक गुडघा उभा करून बसली होती, तशी ती कधी बसत नाही. ताटात फोडलेला कांदा असणार, कारण फक्त साल उरली होती. मोनाली कच्च्या कांद्याच्या वासाने ताटावरून उठते. तिने तांब्यातलं पाणी ताटात ओतून हात धुतले. पाणी लाल झालं. भाजीचा लाल नव्हे. गंजाचा, मातीसारखा, आणि ती हात चोळत राहिली तसा तो रंग वाढतच गेला.

मागच्या दारात चंपाबाई बादली घेऊन उभ्या होत्या. बादली त्यांनी इतकी हळू खाली ठेवली, की कडीचाही आवाज झाला नाही.

"जेवले…" त्या म्हणाल्या. "जेवले वं बाई…"

त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तसा मी कुठल्या माणसाच्या तोंडावर बघितलेला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मोनाली उठली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग खुंटीवरची कापडी पिशवी अशी काढली, जशी ती रोजच तिथून काढत असावी. चंपाबाईंनी घाईघाईने फडताळातला डबा त्या पिशवीत घातला. दोघींत एक शब्द झाला नाही. मोनाली मला ओलांडून गेली. मी तिचा दंड धरला. दंड तापलेला होता, तव्यासारखा, आणि तिने सोडवूनही घेतला नाही. ती चालत राहिली, माझाच हात सुटला.

"बाई, कावून डबा देता तिले? ती माझी पोरगी आहे! उद्या पेपर आहे तिचा!"

"शिफ्ट आहे ना," चंपाबाई म्हणाल्या. "उशीर नको होवाले."

मी रस्त्यावर धावले. डांबर चपलेला चिकटत होतं. मोनाली अनवाणी चालत होती, सावकाश, कामावर जाणारा माणूस चालतो तशी. मी धावत होते आणि अंतर तेवढंच राहत होतं. दोन्ही बाजूंची दारं बंद. मी ओरडत होते, मोना, मोना, आणि खिडकीवरचं एकही पोतं हललं नाही. पुढे वळण दिसत होतं. तिथे एक पिवळ्या फुलांचं झाड होतं, आणि झाडाखाली सावली नव्हती.

मला कळलं की माझ्या हाकेचा उपयोग नाही. ती माझी हाक ऐकणाऱ्यांत उरलीच नव्हती. मुलीकडे पाठ करून मागे धावणं आईला किती कठीण असतं, ते मी लिहू शकत नाही. मी परत धावले. चंपाबाई फाटकात उभ्या होत्या. मी त्यांचे पाय धरले.

"तुम्ही आवाज द्या. तुमचाच आवाज पोचेल."

"आवाज देल्ला तं ते इथंच राह्यतीन, ताई…" त्या पुटपुटल्या. "तुमची पोर…"

"न देल्ला तं ती वळणापलीकडं जाईल! तुम्ही अकरा वर्षं ताट वाढून राह्यल्या ना? माझ्या जीवात तेवढा दम नाही. बाई, द्या आवाज."

मोनालीपासून वळण दहा पावलांवर राहिलं होतं. चंपाबाईंनी पदर तोंडावरून काढला. आधी नुसता श्वास आला. मग त्यांनी हाक मारली.

"अहो! राजदीपचे बाबा! ऐकता का…?"

मोनाली थांबली. पाठमोरीच बराच वेळ उभी राहिली. त्या वेळी लाइट आली असावी, कारण रस्त्यावरच्या सगळ्या घरांतले कूलर एकदम सुरू झाले. मग ती वळली आणि आमच्याकडे चालत आली. निम्म्या वाटेवर तिला पाय भाजू लागले. ती उड्या मारत, हाय हाय करत धावली आणि माझ्या गळ्यात पडली.

"आई, मी इथं कशी आली? चप्पल कुठंय माही?"

पिशवी तिच्या हातात नव्हती. रस्त्यावरही नव्हती.

मी त्या घरात परत पाऊल टाकलं नाही. बॅगा चंपाबाईंनीच बाहेर आणून दिल्या. त्या रडत नव्हत्या. घरात डोकावून बघत होत्या, कोणी आत गेलं का म्हणून. आम्ही रिक्षाने जुनवानीला गेलो, परीक्षाकेंद्रासमोरच्या खानावळवाल्या बाईला गयावया करून तिच्या माळ्यावर राहिलो. दुसऱ्या दिवशी मोनालीने पेपर दिला. चांगला गेला म्हणाली. परतीच्या गाडीत तिने दोन समोसे खाल्ले, खिडकीला डोकं टेकून झोपली. मी आमगाव येईपर्यंत तिचा हात धरून बसले होते. हात गार होता.

घरी आल्याला आज तेवीस दिवस झाले. मोनाली बरी आहे. अभ्यास करते, हसते, भावाशी भांडते. मी रोज बघते आणि रोज तेच लिहिते: बरी आहे.

आज दुपारी दीड वाजता चंपाबाईंचा फोन आला. नंबर श्यामरावांकडून घेतला म्हणाल्या; विहारात मी त्यांना तो लिहून दिला होता. आवाज बसलेला होता.

"ताई, कोणीतरी येऊन राह्यलं रोज. ताट वाढलं का दाराशी येते. मले वाटलं तेच. मी म्हटलं, या, जेवा. आत येत नाही… जेवत नाही… रडते नुसतं. ताई, ते बाईमाणसाचं रडणं आहे. आई पाहिजे म्हणते. मी फोन दारापाशी ठेवतो."

बराच वेळ कूलरची घरघर आली. मग अगदी जवळ, कोणीतरी श्वास घेतला.

"आई… इथं लय गरम होते वं. पाय भाजून राह्यले. तू घेऊन कोणाले गेली?"

मी दार लावून घेतलं. मग विचारलं, लहानपणी तुझा हात कशाने भाजला होता. मुद्दाम चुकीचं विचारलं.

"हात नाही, पाय. वरणाचं भगोणं तुयाच हातून पडलं होतं. अन् तू म्हटलं होतं, बाबाले सांगू नको. मी नाई सांगितलं, आई. कोणालेच नाई…"

हे खरं आहे. ही गोष्ट आम्हा दोघींशिवाय कोणालाही माहीत नाही. मी ती डायरीतही कधी लिहिली नव्हती.

उद्याच्या पहाटेच्या गाडीने मी भिलाईला जाते आहे. घरात सांगेन, अंगणवाडीचं काम आहे. बाहेर मोनालीने दोन ताटं वाढली आहेत आणि माझी वाट बघत थांबली आहे. दोनदा हाक मारून झाली. समोर बसून तिला भाजल्याचा तोच प्रश्न विचारायचा, एवढंच करायचं आहे. तासभर झाला, मी या खोलीतून उठू शकलेले नाही.