दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नव्हतं

हा प्रसंग खरा आहे.

वाचून हसू येईल. हसून घ्या. क्षितिजही हसायचा. हल्ली दिवेलागण झाली की तो हसत नाही.

गाव बेंगळुरू, भाग के. आर. पुरम. अमावास्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची साधी संध्याकाळ होती. सगळं शहर गाड्यांत अडकलेलं. अशा वेळी बनशंकरीहून के. आर. पुरमला यायचं तर भुतालाही दोन तास हाताशी ठेवावे लागतात.

आणि इथे तर भूत यावं म्हणूनच घरातली माणसं डोळे लावून बसली होती…

पण हे सुरुवातीपासून सांगायला हवं.

क्षितिजचे बाबा, रत्नाकर, बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात टेस्टिंगला होते. त्यांचा एकच नियम. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की बिघाडही हरवतो आणि अक्कलही. आमटी बिघडली तरी बायकोला ते मीठ आणि चिंच एकाच दिवशी बदलू देत नसत.

क्षितिज लहान असताना त्यांनी मद्रासच्या बर्मा बाजारातून टीव्ही गेम आणला. कॅसेटवर 'लाखो गेम एकात' असं छापलेलं. आत सात निघाले. त्यातला रणगाड्यांचा गेम क्षितिजच्या आईला, नयनाताईंना, असा काही चावला की मुलगा मोठा होऊन आयटीत लागला तरी नवराबायको रोज संध्याकाळी कुकर चढवून खेळायला बसत. पिवळा रणगाडा तिचा, हिरवा त्यांचा.

त्या यंत्राची एक गंमत होती. रिमोट दोन, पण गेम थांबवायचं स्टार्टचं बटण फक्त पहिल्याला. दुसऱ्या खेळाडूने मरावं, पण थांबवू नये.

पहिला रिमोट नयनाताईंकडे, कारण कुकर त्यांचा. पण एकदा रंगल्या की शिट्ट्या कुठल्या ऐकू यायला! मग रत्नाकरराव आपला हिरवा रणगाडा हाकत आणत आणि पिवळ्याच्या तोंडासमोर आडवा लावत.

"अहो, सरका ना! मरेन मी!"

"कुकर," ते म्हणत.

सगळ्या संसारात एवढं एकच भांडण झालं. पण रोज झालं.

दोन वर्षांपूर्वी रत्नाकरराव गेले.

नयनाताई बनशंकरीच्या घरात एकट्या राहिल्या. विसरू लागल्या. चष्मा, किल्ल्या, शेजारणीचं नाव. आणि मग गॅस. क्षितिजला धास्ती होती ती त्याचीच. तो रोज फोन करायचा, "आई, गॅस बंद केलास?"

एक दिवस ती म्हणाली, "तू नको रे काळजी करू. हे सांगतात."

"कोण हे?"

"हे म्हणजे हे. दुसरे कोण?"

रविवारी क्षितिज बनशंकरीला गेला. आई जुन्या डबा टीव्हीसमोर बसली होती. गेम दोघांचा लावलेला. पहिला रिमोट तिच्या हातात. दुसरा टीव्हीवर ठेवलेला, वायर गुंडाळून. हिरवा रणगाडा कोपऱ्यात ढिम्म उभा.

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली.

आणि…

हिरवा रणगाडा वळला.

सावकाश खाली आला. विटांना वळसा घालून. पिवळ्यासमोर येऊन आडवा उभा राहिला.

"आले बघ," नयनाताई म्हणाल्या आणि गेम थांबवून गॅस बंद करायला उठल्या.

क्षितिज शिकलेला मुलगा. त्याला घाम फुटला, पण त्यावरही त्याच्याकडे स्पष्टीकरण होतं. "आई, हे लूज कनेक्शन आहे. जुनं सर्किट, कुठूनही खोटे सिग्नल येतात."

"सरी, बरं. मग शोध लूज कनेक्शन."

त्याने शोधलं. बाबांच्या नियमाने. एका रविवारी दुसरा रिमोट बदलला. हिरवा आला. पुढच्या रविवारी रिमोट काढूनच टाकला. हिरवा आला. एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा अडॅप्टर आणला, कॅसेट बदलली, यंत्र उघडून सोल्डर केलं.

हिरवा आला.

तिसऱ्या शिट्टीला… दर वेळी.

क्षितिजला भीतीपेक्षा चीड जास्त आली. ऑफिसात लोक त्याच्याकडे बिघाड घेऊन यायचे, आणि घरचा एक बिघाड ऐकेना.

मग नोव्हेंबरात शेजारच्या कमला अक्कांचा फोन आला. कुकर जळून काळा ठिक्कर झाला होता. स्वयंपाकघरभर धूर. नयनाताई टीव्हीसमोर अंधारात बसून राहिल्या होत्या.

"आई, सांगणार होते ना बाबा? मग?"

"अरे, करंट गेला होता," त्या म्हणाल्या. "करंट नाही तर हे सांगणार कसे?"



क्षितिजने हट्टच धरला. आता के. आर. पुरमलाच यायचं, कायमचं. नयनाताईंनी एकच प्रश्न विचारला.

"हे तिकडे चालतील?"

"चालतील," क्षितिज म्हणाला. "एमुलेटर म्हणून एक असतं, आई. नवीन यंत्र जुन्याचं सोंग घेतं. गेमला कळतसुद्धा नाही की घर बदललं. जुनं सगळं नव्यावर चालतं."

"गेमचं नाही विचारत. ह्यांचं विचारते."

"चालेल गं!"

"मग संक्रांतीपर्यंत बघते. नाही आले तर मी परत जाणार. आणि मग मला कुणी आणायला यायचं नाही."

एमुलेटरचा नवा डबा काडेपेटीएवढा. दोन बिनवायरचे रिमोट, दोन्ही अगदी सारखे. मोठा सपाट टीव्ही. रणगाडे असे लख्ख की नयनाताई म्हणाल्या, "धुऊन ठेवलेत का?"

कुकर चढला. एक शिट्टी. दोन. तीन.

हिरवा उभाच.

चार. पाच. सहा. भाताची पेज झाली.

"आले नाहीत," नयनाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नाही. आठवडाभर नाही. क्षितिजने सेटिंग बदलली, दुसरा एमुलेटर टाकला, तिसरा टाकला. जगात कुणाला या बिघाडाबद्दल विचारावं, तर विचारणार काय? 'मूळ यंत्रावर वडील येतात, एमुलेटरवर येत नाहीत'?

"तू घर बदललंस, टीव्ही बदललास, यंत्र बदललंस," आई म्हणाली. "तिन्ही एकदम. आता कशामुळे येत नाहीत, सांग बघू."

बाबा असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं, फक्त जास्त वेळ लावून.

क्षितिजने बनशंकरीहून जुनं यंत्र आणलं. नव्या टीव्हीला ते जोडता येईना. मधे लावायला एक डबी आणली, तर चित्र काळंपांढरं आलं आणि वरून खाली धावत सुटलं. ते थांबवलं, रंग आणले. हिरवा काही हलला नाही. शेवटी तो बनशंकरीचा डबा टीव्ही टेम्पोत घालून घेऊन आला.

त्याची बायको शलाका नागपूरची. आजवर तिने खूप सोसलं होतं. "क्षितिज, लिफ्टमध्ये सगळे विचारत होते, ये क्या है? काय सांगू मी? सासरे आहेत?"

टीव्ही लावला. स्वल्प उजेड आला, फट् आवाज झाला, मागून धूर निघाला.

संपलं.

क्षितिज जमिनीवर बसला आणि त्या टीव्हीला नाही नाही ते बोलला. शलाकाने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून कन्नड शिव्या ऐकल्या. उच्चार मात्र शुद्ध होते.

राहिला एमुलेटर. आणि संक्रांत उद्यावर आलेली.

त्या संध्याकाळी नयनाताईंची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. वर तिळगुळाचा डबा.

"आई, तिकडे एकटी असताना पुन्हा गॅस राहिला तर?" क्षितिजचा आवाज चिरकला. "तू मरशील, कळतंय का तुला?"

"तिकडे हे आहेत."

"नाहीत गं! यंत्र इथे आहे, टीव्ही जळला, कुठे आहेत तिकडे?"

नयनाताईंचे डोळे भरले. क्षितिजला स्वतःचाच राग आला.

"एक डाव खेळूया," तो म्हणाला. "शेवटचा."

शलाकाने कुकर चढवला आणि ऑफिसचा फोन घेऊन ती बाल्कनीत गेली. दार लोटून घेतलं. नयनाताईंनी पहिला रिमोट हातात घेतला. क्षितिज नुसता शेजारी बसला. पिवळा निघाला. हिरवा कोपऱ्यात उभा.

बराच वेळ गेला. आईचा डाव रंगला.

आणि…

गेम थांबला.

पडद्यावर मधोमध अक्षरं लुकलुकू लागली. पॉज.

"का थांबवलंस?"

"मी नाही."

तिचा अंगठा बटणापासून लांब होता. क्षितिजने स्वतः स्टार्ट दाबलं. रणगाडे चालू लागले…

पुन्हा पॉज.

"आता हेच राहिलं होतं!" क्षितिज ओरडला. "एवढे पैसे घालून आणलेला डबा, आणि तोही—"

त्याने तिसऱ्यांदा दाबलं.

या वेळी एक पाऊलही कुणी पुढे गेलं नाही. पॉज.

नयनाताईंनी मान वर केली. ऐकत राहिल्या.

"क्षितू," त्या हळूच म्हणाल्या, "शिट्टी कशी नाही झाली?"

खरंच. कुकर चढवून केवढा वेळ झाला होता. एकही शिट्टी नाही. आतून फसफस नाही, आवाजच नाही…

मग त्याला वास आला.

तो धावला. कुकरच्या झाकणातून पाणी गळून ज्योत विझली होती. गॅस तसाच सुरू. स्वयंपाकघर भरलेलं. त्याच क्षणी फोन संपवून शलाका बाल्कनीच्या दुसऱ्या दाराने आत शिरली, अंधार पाहून तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला…

"लाईट लावू नको!"

तिचा हात तिथेच राहिला. बटणापासून बोटभर अंतरावर.

त्याने गॅस बंद केला. खिडक्या उघडल्या. तिघं बाल्कनीत उभे राहिले, बराच वेळ, एकमेकांना धरून. खाली हँगिंग ब्रिजकडून हॉर्नचा गोंगाट येत होता. तो इतका गोड त्यांना कधी वाटला नव्हता.

वास गेल्यावर क्षितिज आत आला. पडद्यावर अजून पॉज.

त्याला दुसरा रिमोट आठवला. नव्या डब्याच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण होतं.

रिमोट ड्रॉवरमध्ये होता. त्याने उचलला. हलका लागला. मागचं झाकण उघडलं…

आत सेल नव्हते.

सकाळी त्यानेच काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले होते.

"रोज का नाही आले मग?" शलाकाने विचारलं.

"रोज तर शिट्टी होत होती. इथे ऐकायला तुम्ही दोघं होतात," नयनाताई म्हणाल्या. "आज कुणालाच ऐकू येणार नव्हतं." मग हिरव्या रणगाड्याकडे बघून हसल्या. "आणि आता आडवं कशाला यायचं? बटण मिळालंय ना!"

त्यांनी बॅग उघडून साड्या परत कपाटात लावल्या.

गोष्ट इथे संपली असती तर क्षितिजने ती सगळ्यांना हसत सांगितली असती.

पण गेल्या सोमवारी गेम पुन्हा थांबला.

तिघंही धावले. गॅस बंद होता. कुकर घासून पालथा घातलेला. गीझर बंद, इस्त्री बंद, दाराला कडी. नळसुद्धा बंद. क्षितिजने स्टार्ट दाबलं.

पॉज.

मंगळवारीही तेच. बुधवारीही. त्याने डबा बदलला, फक्त डबा. मग फक्त टीव्ही. एका वेळी एकच गोष्ट. आता तो नियम मोडत नाही.

पॉज येतोच.

"ह्यांना काहीतरी दिसतंय," नयनाताई म्हणतात. त्या आता हसत नाहीत.

रोज संध्याकाळी अक्षरं लुकलुकायला लागली की तिघं उठतात, घरभर फिरतात. वास घेतात, कान देतात, प्रत्येक बटण बघतात. सगळं ठीक असतं. सगळं अगदी ठीक असतं…

आणि गेम पुढे जात नाही.