जांभळ्या उजेडातले मासे

वायरमन आला तोच तावातावानं. "आत्याबाई, पोटावर पाय येतोय माझ्या! सभागृहात एलईडी दिवे मी बसवले, म्हणून सगळ्यांचे डोळे मीच जाळले म्हणे!"

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "नीट बसून सांगा."

कधीच बंद पडलेल्या एका नाटक मंडळीचा परवा तिथे मेळावा झाला. हौसेनं सगळ्यांनी आपल्या गाजलेल्या नाटकातला समुद्राचा प्रवेश पुन्हा केला. घरी गेल्यावर एकेकाचे डोळे वाळू गेल्यासारखे चुरचुरू लागले, तोंडं लालबुंद झाली. डोळे भाजलेत, दोन-तीन दिवसांत बरे होतील, असं डॉक्टर म्हणाले. मंडळींनी ठरवून टाकलं, हा नव्या दिव्यांचाच प्रताप. दिवे काढा, वायरमनलाही काढा.

"आणि मी आठवडाभर त्याच दिव्यांखाली उघड्या डोळ्यांनी राबलो, त्याचं काय?" वायरमन म्हणाला.

आत्याला तिथे न्यायला गाडी काढताना तिच्या भाच्याला तो प्रवेश आठवला. लहानपणी आत्याचं बोट धरून पाहिलेला. मिट्ट काळोखात पांढरे मासे पेटायचे आणि त्यांच्यामधून नायिका पोहत यायची. त्या माणसांत कोणी गुन्हेगार निघावा, हे त्याच्या जिवावर आलं होतं.

सभागृहात दिग्दर्शक मास्तर भेटले. "एलईडीच्या अगदी तोंडाशी बसलो होतो मी," जाड भिंगाचा चष्मा सावरत ते म्हणाले. "तोंड भाजलं, पण डोळे वाचले, नशीब माझं!"

"समुद्राच्या प्रवेशाला कोणता दिवा?"

"तोच, जुना जांभळा."

नायिका डोळ्यांवर ओला रुमाल धरून बसली होती. "मासे चमकले हो. पण पूर्वी माशांखेरीज काही दिसायचं नाही. परवा सगळीकडे फिकट निळसर उजेड होता. म्हटलं, वय झालं डोळ्यांचं."

आत रंगकाका रंगाच्या डब्या पुसत होते. जन्मभर मंडळींचे चेहरे रंगवलेला माणूस. नाकावर चष्मा, हातांच्या पाठीवरची सालं निघालेली.

"दाढी-मिशा चिकटवायचा डिंक आणि स्पिरिट," ते हात मागे घेत म्हणाले. "धंद्याचा प्रसाद."

"जांभळ्या दिव्याची नळी कुठाय?"

"फुटली. काल टाकून दिली."

आत्यानं सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं.

"एलईडीचा उजेड चष्म्यातून आरपार जातो. तोच भाजणारा असता, तर मास्तरांचे डोळे सुटले नसते. वायरमन तर आठवडाभर आधीच आंधळा झाला असता. भाजलं ते भिंगाला अडणाऱ्या किरणांनी. अतिनील किरणांनी."

"पण जांभळा दिवाही अतिनीलच ना?" भाच्यानं विचारलं. "वर्षानुवर्षं वापरला की!"

"त्याची काच गडद जांभळी. सौम्य किरण तेवढे सोडते, उजेड अडवते, म्हणून तो काळोख. परवा निळसर उजेड पडला, कारण नळी दुसरीच होती, पारदर्शक. जंतू मारायची. ती लावताना खोलीतल्या माणसांना बाहेर काढतात."

"लावली कोणी?" मास्तर गरजले.

"परवा भाजलेली कातडी अजून लाल आहे. सालं निघायला दिवस जातात. रंगकाका, तुमचे हात आधीच भाजले होते. नळी तुम्ही घरी लावून पाहिलीत. चष्म्यामुळे डोळे वाचले, म्हणून काही कळलं नाही."

रंगकाकांनी चष्मा काढला. "जुनी नळी कुठे मिळेना. दुकानात अतिनील म्हणून मागितली, त्यानं ही दिली. काल सगळ्यांची तोंडं पाहिली आणि माझी दातखीळ बसली. या बिचाऱ्याचं नाव निघालं, तरी गप्प राहिलो."

मास्तरांनी वायरमनपुढे हात जोडले.

"मला विचारायचंत तरी," वायरमन पुटपुटला. "जांभळे एलईडीसुद्धा मिळतात."

"त्यांच्याकडेही टक लावून बघायचं नाही," आत्या म्हणाली. "दिव्याच्या नावावर जाऊ नका. किरण कोणते, ते बघा."

नायिकेनं रुमाल बाजूला केला. डोळे लालभडक होते. "रंग्या, एवढा उपद्व्याप केलास. दिसले का तुला मासे पूर्वीसारखे?"

"मासे?" रंगकाका खाली बघत म्हणाले. "माशांकडे मी कधी पाहिलंच नाही."

नायिकेनं शेजारची खुर्ची थोपटली.