बाजूच्या कॉटवरची

रचलेली गोष्ट असती, तर शेवट जरा बरा केला असता. ही घडलेली आहे. जिच्यासोबत घडली, ती नर्स आजही त्याच वॉर्डात कामाला आहे.

मंगळवार. दुपारचे तीन. बायकांचा वॉर्ड.

पाच नंबरच्या कॉटवर तिची सख्खी धाकटी बहीण होती. दोन दिवस ती असंबद्ध बडबडत होती, चादरीवरचे नसलेले किडे वेचत होती.

मग एकदम गप्प...

डोळे उघडे. अंग लाकडासारखं. हात उचलून सोडला, तर तसाच हवेत राहायचा.

"कुठल्या गोळ्या चालू होत्या का?" नर्सने बहिणीच्या नवऱ्याला तीनदा विचारलं.

"छे हो ताई! मनाला लावून घेतलंय तिने, दुसरं काही नाही."

जावई घरात सगळ्यांचा लाडका. तिने विश्वास ठेवला. कागदावर 'मानसिक' असं लिहिलं गेलं. त्या वॉर्डात हा शब्द एकदा पडला, की पुढची प्रत्येक पाळी तोच उतरवून काढायची. पुन्हा कोणी तपासायचं नाही. तीही वर्षानुवर्षं तेच करत आली होती.

ताप चढत होता. बहीण हातची चालली होती.

तिने बहिणीचा वर राहिलेला हात खाली तिच्याच छातीवर ठेवला आणि पाणी आणायला गेली. परतली तर...

हात वर. बोट स्टुलावरच्या पिशवीकडे.

अशा पेशंटचा हात आपणहून हलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने तो पुन्हा खाली ठेवला. पाठ फिरवली.

कॉट करकरली...

पाच नंबरची नव्हे. बाजूची, सहा नंबरची. रिकामी.

हात पुन्हा वर.

पिशवी नवऱ्याची होती. आत रुमालात गुंडाळलेल्या झोपेच्या गोळ्या. सोबत बहिणीच्या नावाची, दोन वर्षांपूर्वीची डॉक्टरांची चिठ्ठी.

"सवय लागली होती तिला. मागच्या आठवड्यात मीच एकदम बंद केल्या," तो पुटपुटला. "लोक काय म्हणाले असते?"

"तीनदा विचारलं तुम्हाला! केसाने गळा कापलात हो तिचा!"

डॉक्टर धावत आले. एकाएकी औषध तुटल्यानेच हे झालं होतं. त्या गोळ्यांच्याच जातीचं इंजेक्शन दिलं. तासाभरात बहिणीची बोटं सैल पडली. तिने पाणी मागितलं. नर्स तिच्या गळ्यात पडून रडली.

"ताई, ती बाई कुठे गेली?"

"कोण गं?"

"सहा नंबरवरची. सारखा माझा हात उचलत होती... म्हणाली, 'माझंही औषध तुटलं होतं. तुझ्या ताईला सांगितलं मी. तिने ऐकलं नाही. मानसिक लिहिलं.'"

सहा नंबरची बाई महिन्याभरापूर्वीच त्या कॉटवर वारली होती. तिचं ते बोलणं नर्सशिवाय कोणीही ऐकलं नव्हतं. आणि नर्सने ते आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

बहिणीचा नवरा येता-जाता माफी मागतो. नर्स त्याला काहीच बोलत नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

सहा नंबरला ती अजून कोणाला झोपवत नाही. चादर मात्र रोज बदलते.

रोज ती चुरगळलेलीच असते...