पेठेतली पोवळी भिंत

"ओ मॅडम, ह्यो रंग हितं चालायचा न्हाय!"

मी दुकानाच्या दर्शनी भिंतीला लावलेल्या शिडीवर, हातात रोलर. खाली वाकून पाहिलं तर निळ्या जर्सीतला एक उंच गडी… बुटांना मैदानाची माती, केस घामानं चिकटलेले, आणि डोळे — जाऊ दे, भांडताना डोळे बघायचे नसतात.

"का? दुकान तुमचं आहे?"

"दुकान तुमचं, पण पेठ आमची. रविवारी खालच्या पेठेसंगं फायनल हाय. त्यांची जर्सी नारिंगी, आन् आमच्याच चौकात त्यांचा रंग?"

"हा नारिंगी नाही, पोवळ्याचा रंग आहे. यात गुलाबी मिसळलाय."

"आमच्या पोरांना गुलाबी-बिलाबी कळत न्हाय!"

हा यशराज, पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. मी जयसिंगपूरची संयोगिता. घरसजावटीचं हे माझं पहिलंच दुकान, आणि 'पोरगी चार दिवसांत परत येईल' म्हणून घरचे वाट बघत बसलेले. कुणीतरी दम दिला म्हणून स्वतःच्याच भिंतीचा रंग बदलला, तर गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडानं सांगू की आवडेल तो रंग बिनधास्त लावा? रंग बदलणार नव्हते. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. म्हणे, संघाचे अध्यक्ष हंबीरराव चिडलेत. मी त्याला आत बसवलं. साईच्या रंगाचा सोफा, त्यावर पोवळ्या रंगाची एकच उशी, शेजारी पितळी समई.

"कसं वाटतंय?"

"बरं हाय…"

"नुसतं बरं?"

"लई भारी." तो माझ्याकडे बघत म्हणाला.

"उशी तिकडं आहे."

"व्हय की… बघितली मगाशी."

मला हसू आवरेना. तो मला आवडला होता, आणि त्याचाच राग येत होता.

शनिवारी सकाळी मी दुसरा हात द्यायला रोलर उचलला आणि हंबीरराव निळ्या रंगाची बादली आणि अख्खी गल्ली घेऊन आले. "पोरी, सर बाजूला. आम्हीच रंगवून देतो."

"काका, भिंतीला हात लावायच्या आधी मला इथनं उचलावं लागेल."

तेवढ्यात गर्दीतून यशराज आला आणि त्यानं माझ्या हातातला रोलर काढून घेतला. हाही त्यांच्यातलाच, मला वाटलं. पण त्यानं रोलर माझ्याच डब्यात बुडवला आणि भिंतीवर पोवळ्या रंगाचा दुसरा हात मारायला सुरुवात केली.

"यश्या! उद्या संघाबाहेर बसवीन!"

"बसवा. पण रंग ह्योच ऱ्हाणार. आन् ही पोरगी बी पेठेतच ऱ्हाणार. मला आवडती ती!"

हंबीररावांनी बादली खाली ठेवली.

"मला विचारलंत?" मी यशराजला म्हटलं.

त्याचे कान लाल. "आता… विचारतो की."

"तो वरचा कोपरा राहिलाय. आधी तेवढा पुरा करा." मी शिडी धरली. "तोवर मी हो म्हणायला थांबते."